हलकी रायफल हवी, तर आधी काडतूस हलकं करा

गोव्यात हरणाची शिकार करता येत नाही, हे आधीच सांगून मोकळा होतो. सांबर, चितळ, भेकर, एवढीशी पिसोरी, सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, राखायला म्हणून आजोबांच्या काळापासून घरात परवान्याची बंदूक असेल, तरी तो परवाना बंदूक बाळगण्याचा. जनावर मारण्याचा नव्हे. गव्यांनी रातोरात केळी आडवी केली तरी त्यांच्यावर बार काढायची मुभा मिळत नाही. ज्यांना सांबर जवळून बघायचंय त्यांनी बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जावं, तिकीट काढावं, पोरांना घेऊन जावं.

मग रायफलीवर लेख कशाला? कारण आपली माणसं आता इंग्लंडमध्ये स्विंडनला आहेत, मेलबर्नला आहेत, ऑकलंडला आहेत, आणि तिथे हरणाची शिकार कायदेशीर आहे. नुसती कायदेशीर नाही, बऱ्याच ठिकाणी सरकारलाच ती हवी असते. न्यूझीलंडमध्ये हरणांना खाणारं एकही जंगली जनावर नाही. तिथल्या सरकारी रानात फुकट मिळणारा परवाना काढून बहुतेक भागांत वर्षभर शिकार चालते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डोंगर भरून सांबरं आहेत, आणि ती सांबरं आपलीच. १८६० च्या दशकात भारत आणि श्रीलंकेतून नेलेल्या जनावरांची ती पिलावळ. क्वीन्सलँडमध्ये १८८६ साली मेरीव्हेलच्या कुरणात चितळं सोडली, त्यांचेही आता कळपच्या कळप झालेत. म्हादईच्या रानात ज्या जनावराला हात लावला तर तुरुंग, तेच जनावर तिकडे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप.

माझा भाचा मेलबर्नला असतो. तिथल्या मित्रांबरोबर डोंगर चढायला लागला, मग रीतसर बंदुकीचा परवाना काढला, शिकारीचा वेगळा परवाना काढला, आणि एक दिवस फोन: ‘मामा, सगळे म्हणतात हलकी रायफल घे. किती हलकी? आणि काडतूस कुठलं?’ असाच प्रश्न इतरही दोघातिघांनी विचारला, तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

थोडी परिभाषा आधी, कारण आपल्याकडे ‘गोळी’ म्हटलं की लोक सगळं एकत्र धरतात. काडतूस म्हणजे पितळी नळकांडं, त्याच्या बुडाला प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. घोडा प्रायमरवर पडला की दारू पेटते, वायू होतो, तो वायू गोळीला नळीतून ढकलतो. नळकांडं मागे राहतं, गोळी तेवढी जाते. रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो, त्यामुळे गोळी स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ जाते. आपल्याकडच्या ठासणीच्या बंदुकीत पीळ नाही, काडतूस नाही, आणि नेमाचाही भरवसा नाही. तिचा या लेखाशी संबंध एवढाच.

काडतुसाचं नाव बहुधा गोळीच्या व्यासावरून असतं: .३०८ म्हणजे इंचाचे ३०८ सहस्रांश. गोळीचं वजन खोक्यावर ग्रेनमध्ये छापलेलं असतं. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. इतकं पुरे.

आता मुख्य भानगड, धक्का. बार उडाला की रायफल खांद्यावर मागे आदळते. मांडवीच्या धक्क्याला लावलेल्या लहान होडीतून काठावर उडी मारलीत तर होडी झपकन मागे सरकते. खनिजाच्या बार्जवरून तीच उडी मारा, बार्जला पत्ताही लागत नाही. उडी तीच, जोर तोच. फरक मागे राहणाऱ्या वजनाचा. गोळी आणि मागून सुटणारा वायू पुढे जितका संवेग (वजन गुणिले वेग) घेऊन जातात, तितकाच संवेग रायफलीला मागच्या दिशेने मिळतो. रायफल जड असेल तर ती सावकाश मागे येते, हलकी असेल तर वेगाने. आणि खांद्याला जाणवणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे हलकेपणाची किंमत चांगलीच मोजावी लागते.

आकड्यांत बघू. .३०८ विंचेस्टर घ्या. १५० ग्रेनची, म्हणजे पावणेदहा ग्रॅमची गोळी, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला सुमारे ८६० मीटर, दारू तीन ग्रॅमच्या आसपास. दुर्बिणीसकट साडेतीन किलोच्या रायफलीतून हे काडतूस उडवलं तर रायफल सेकंदाला सुमारे ३.६ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्यावर २३ ज्यूल ऊर्जा देते. तेच काडतूस अडीच किलोच्या रायफलीत घाला: वेग ५ मीटरच्या वर, ऊर्जा ३२ ज्यूल. वजन एक किलोने घटलं, धक्का चाळीस टक्क्यांनी वाढला.

आता .२४३ विंचेस्टर घ्या, गोळी साडेसहा ग्रॅमची, वेग ९०० मीटर. साडेतीन किलोत १४ ज्यूल, अडीच किलोत २० ज्यूल. इथेच या लेखाचं सगळं सार आहे: अडीच किलोची .२४३ ही साडेतीन किलोच्या .३०८ पेक्षा खांद्याला सौम्य लागते. उलट .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची गोळी घालून ते अडीच किलोच्या रायफलीतून उडवा, ४३ ज्यूल. तो अनुभव एकदा घेतलेला माणूस दुसऱ्यांदा चाप ओढताना डोळे मिटतो. (हिशेब मी कारखान्यात तयार झालेल्या साध्या काडतुसांचे आकडे धरून केलाय. दारू बदलली, गोळी बदलली की एकदोन ज्यूल इकडेतिकडे होतात.)

डोळे मिटणं ही थट्टेची गोष्ट नाही. धक्क्याच्या धास्तीने हात आधीच आखडतो, खांदा पुढे ढकलला जातो, नळी खाली झुकते, आणि गोळी छातीऐवजी पायात किंवा पोटात बसते. जखमी जनावर रानात शिरून दोन दिवस तडफडत मरतं. शिकारीत याहून वाईट दुसरं काही नाही. वीस ज्यूलपर्यंतचा धक्का बहुतेकांना सराव करून पेलतो, त्यापुढे भल्याभल्यांचा नेम बिघडायला लागतो, असा शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे. ठोकताळाच तो, पण वाईट नाही.

ही धास्ती आपल्यात आहे का, हे तपासायची एक सोपी रीत आहे. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मित्राला मागे पाठ करून रायफल भरायला सांगा. त्याने कधी खरं काडतूस घालायचं, कधी दारू नसलेलं डमी. आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही नेम धरून सावकाश चाप ओढा. डमी असेल तेव्हा नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. त्या क्षणी नळीचं टोक जागच्या जागी राहिलं तर उत्तम. टोकाने खाली बुडी मारली, तर तुमचं शरीर त्या धक्क्याला आधीच उत्तर देत होतं. दुकानदार, यूट्यूब आणि काउंटरवरचा अनुभवी गिऱ्हाईक, तिघांपेक्षा हे डमी खरं बोलतं.

रायफलीचं वजन नेमकं असतं कुठे, हे आता पाहू, कारण जाहिरातीत याचीच सर्वांत जास्त दिशाभूल होते. माहितीपत्रकावर लिहिलेलं वजन रिकाम्या रायफलीचं असतं. त्यावर दुर्बीण चढते, ती बसवायच्या कड्या येतात, खांद्याचा पट्टा येतो, चारपाच काडतुसं येतात. ‘२.६ किलो’ म्हणून घेतलेली रायफल डोंगरात साडेतीन किलो भरते. म्हणून तुलना करायची ती नेहमी सगळा साज चढवून.

नेहमीची बोल्ट रायफल दुर्बिणीशिवाय सव्वातीन ते साडेतीन किलो असते. पावणेतीनच्या आसपास आली की तिला हलकी म्हणतात. अडीचच्या खाली गेली की ती अतिहलक्या वर्गात जाते, आणि तिथे किंमत ग्रॅमागणिक चढते. वजन कमी करायला कारागीर तीन ठिकाणी हात घालतो: नळी, दस्ता (खांद्याला टेकतो तो भाग) आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, ज्यात सरकतो तो मधला लोखंडी गाभा.

नळी आखूड केली की रायफल हलकी होते, असं सगळ्यांना वाटतं. करून बघा हिशेब. पुढच्या टोकाला पंधरा मिलिमीटर जाडीची, आत साडेसात मिलिमीटरचं भोक असलेली पोलादी नळी १० सेंटिमीटर कापली तर जेमतेम शंभर-सव्वाशे ग्रॅम वाचतात. त्या बदल्यात वेग सेकंदाला पंचवीस-तीस मीटरने उतरतो आणि आवाज वाढतो. आखूड नळीचा खरा फायदा झाडीत आहे. गचपणातून वाकून जाताना ५१ सेंटिमीटरची नळी ६१ पेक्षा कमी अडकते. वजनासाठी कापायची तर नळी बारीक करणं जास्त कामाचं. पण बारीक नळी लवकर तापते, आणि तापली की तिसऱ्याचौथ्या गोळीपासून नेम सरकायला लागतो. रेंजवर लोक यावरून कुरकुरतात. शिकारीत पहिली गोळी थंड नळीतून सुटते आणि तीच महत्त्वाची, त्यामुळे माझ्या मते या कुरकुरीला फार किंमत देऊ नये. फक्त रेंजवर दोन बारांच्या मध्ये नळी गार होऊ द्यावी.

दस्त्याचं म्हणाल तर अक्रोडाचा सुंदरच दिसतो, पण लाकूड दमट हवेत फुगतं आणि वाळलं की आक्रसतं, आणि तेवढ्याने नळीवर दाब येऊन नेम हलतो. फायबरचा दस्ता दिसायला काळा ठोकळा, पण पावसाची फिकीर नाही. कार्बन फायबरचा घेतला तर लाकडाच्या जवळजवळ निम्म्या वजनात काम होतं. गाभा टायटॅनियमचा केला तर आणखी वजन उतरतं, कारण टायटॅनियमची घनता साडेचार तर पोलादाची पावणेआठ. तिथपर्यंत पोचेतो किंमत मात्र पोलादी रायफलीच्या दुप्पट-तिप्पट झालेली असते.

सर्वांत स्वस्तात वजन उतरतं ते दुर्बिणीत, आणि तिथेच लोक सर्वांत जास्त घोडचूक करतात. हलक्या रायफलीवर पाऊण किलोची पन्नास मिलिमीटर भिंगाची दुर्बीण चढवतात. रायफल वरून जड होते, खांद्यावर कलते, हातात उलटायला बघते. साधी ३ ते ९ पट, ४० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण साडेतीनशे-चारशे ग्रॅममध्ये मिळते. पहाटेच्या अंधुक उजेडात दिसेल का? भिंगाच्या व्यासाला पटीने भागा: ४० भागिले ६, म्हणजे पावणेसात मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. पुऱ्या काळोखात माणसाची बाहुली फार तर सात मिलिमीटरपर्यंत उघडते, उतारवयात त्याहूनही कमी. म्हणजे सहा पटीवर ठेवली तर त्याहून मोठं भिंग घेऊन डोळ्याला जास्त काही मिळत नाही. तीनशे ग्रॅम वाचले, पैसेही वाचले.

दुर्बीण निवडताना एक आकडा मात्र बघाच: डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं तो. नऊ-दहा सेंटिमीटर असायला हवा. हलकी रायफल वेगाने मागे येते, चढणीवर वर नेम धरलेला असला तर आणखी जवळ येते, आणि दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर उमटवून जाते. शिकाऱ्यांच्या अड्ड्यावर ती चंद्रकोर दिसली की कोणी कारण विचारत नाही.

हलक्या रायफलीचा दुसरा तोटा धक्क्याहून छुपा आहे. ती हातात स्थिर राहत नाही. जड वस्तू हलायला वेळ घेते. हलकी वस्तू तुमच्या श्वासाबरोबर, नाडीच्या ठोक्याबरोबर डुलते. चढण चढून धापा टाकत उभ्याउभ्या नेम धरा, दुर्बिणीतली फुली जनावराच्या अंगभर फिरते. शिवाय चाप ओढायला दीड किलो जोर लागत असेल आणि रायफलच अडीच किलोची असेल, तर बोटाबरोबर अख्खी रायफल सरकते. म्हणून हलक्या रायफलीचा चाप मुलायम आणि स्वच्छ सुटणारा हवा, नळीचा तोल किंचित पुढच्या बाजूला हवा, आणि टेकण घ्यायची सवय हवी. पाठीवरची पिशवी काढून दगडावर टाका, तिच्यावर रायफल ठेवा. पुढचा हात रायफलीच्या पोटाखाली असू द्या, नाहीतर बार होताच ती पिशवीवरून उडते. नळी थेट दगडावर किंवा फांदीवर टेकवू नये, गोळी वर जाते.

नळीच्या तोंडाला ब्रेक नावाचं भोकांचं टोपण लावून धक्का बराच कमी करता येतो, हे खरं. पण ते टोपण वायू बाजूला फेकतं आणि शेजारच्याच्या कानाची वाट लावतं. रायफलीचा आवाज आधीच १६० डेसिबलच्या घरात असतो. माझं मत असं की जे काडतूस ब्रेकशिवाय सोसत नाही ते तुमचं काडतूस नव्हे.

आता हरणाच्या बाजूने बघू. हरिण गोळीच्या धक्क्याने पडत नाही. जितका संवेग तुमच्या खांद्याने झेलला त्याहून जास्त संवेग गोळी त्याच्यापर्यंत नेतच नाही. ते मरतं फुप्फुसं आणि हृदय फाटून, रक्तदाब कोसळून. मध्यम हरणाच्या पुढच्या पायामागे हा भाग वीस-पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा, म्हणजे जेवणाच्या ताटाएवढा. गोळीचं काम तिथपर्यंत पोचणं, वाटेत उमलून रुंद होणं, आणि शक्य झालं तर पलीकडून बाहेर पडणं, म्हणजे रक्ताचा माग मिळतो.

गोळी उमलायला वेग लागतो. बहुतेक शिकारी गोळ्या सेकंदाला साडेपाचशे मीटरच्या खाली आल्या की नीट उमलत नाहीत. आणि फार वेगात, फार जवळून बसल्या तर काही गोळ्या वरच्यावर फुटून जातात, आत शिरतच नाहीत. अमेरिकेच्या जॉन नॉसलरने १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणावर, गोळ्या झाडल्या, त्या अशाच खांद्यावर फुटल्या. वैतागून त्याने मध्ये तांब्याची भिंत असलेली गोळी बनवली: पुढचा भाग उमलायचा, मागचा भाग एकसंध राहून आत घुसायचा. १९४८ पासून ती बाजारात आहे, अजून खपते. हलक्या काडतुसाला मोठ्या जनावरासाठी लायक बनवण्याची खरी किल्ली ही आहे. नळकांड्यात आणखी दारू कोंबण्यापेक्षा गोळी चांगली घ्यावी.

शिशाऐवजी अख्ख्या तांब्याच्या गोळ्या आता वाढताहेत. शिशाचे कण जनावराच्या आतड्यात उरतात, ती आतडी गिधाडं खातात आणि मरतात. कॅलिफोर्नियाने याच कारणाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि उमलायला वेगही थोडा जास्त मागते. तांब्याची गोळी घेणार असाल तर नळी फार आखूड नको.

एवढं सगळं कळलं की काडतुसं आपोआप रांगेत बसतात. यातली बरीचशी एकाच घरातली. १९५२ साली विंचेस्टरने .३०८ आणलं, त्यासोबत मॉडेल ७० ची फेदरवेट नावाची हलकी रायफलही आणली. लष्करी .३०-०६ चं नळकांडं ६३ मिलिमीटर लांब, हे ५१. नळकांडं आखूड म्हणजे बोल्ट आखूड, गाभा आखूड, रायफल हलकी. मग त्याच नळकांड्याचं तोंड अरुंद करून १९५५ मध्ये .२४३ आलं, आणि १९८० मध्ये रेमिंग्टनने ७एमएम-०८ बाजारात आणलं. हलक्या रायफलीसाठी हे तिघे भाऊ पुरेसे आहेत. ६.५ क्रीडमूर २००७ चं, दुसऱ्या घरातलं पण आखूड गाभ्यात बसणारं. गोळ्या लांबट आणि निमुळत्या, वाऱ्याने कमी ढळतात, धक्का .२४३ आणि ७एमएम-०८ च्या मधला. त्याची आजकाल हवा आहे, आणि ती अगदीच उगाच नाही. तरी दीडशे मीटरच्या आत शिकार करणाऱ्याला त्याचा लांब पल्ल्याचा गुण काय उपयोगाचा, हा प्रश्न राहतोच.

लांब पल्ल्यावरून आठवलं. २०० यार्डांवर नेम जुळवलेल्या .३०८ ची गोळी ३०० यार्डांवर वीस-बावीस सेंटिमीटर खाली उतरते. मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या दणकट काडतुसाची थोडी कमी उतरते. त्या चारपाच सेंटिमीटरसाठी लोक दुप्पट धक्का विकत घेतात.

कायद्याचं बंधन विसरू नका, कारण काही ठिकाणी निवड कायदाच करतो. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीण कायद्यानुसार सर्वसाधारण हरणांसाठी रायफलीचा व्यास किमान .२४० इंच आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा किमान १७०० फूट-पाउंड, म्हणजे २३०० ज्यूल लागते. .२४३ यात अलगद बसतं, सुमारे २६०० ज्यूल देतं. स्विंडनच्या बाजूला रो किंवा फॅलो हरणामागे जाणाऱ्याला मी डोळे झाकून .२४३ सांगेन. हलक्या रायफलीत पेलतं आणि काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात. व्हिक्टोरियात गोष्ट वेगळी. तिथे कित्येक वर्षं नियम असा राहिला की चितळ, फॅलो वगैरेंना .२४३ चालेल, पण सांबराला व्यास किमान .२७० इंच आणि गोळी किमान १३० ग्रेनची हवी. या मापाने ६.५ क्रीडमूर सांबरासाठी बाद, गोळी .२६४ इंचाची म्हणून. नियम वेळोवेळी सुधारतात, त्यामुळे पैसे मोजण्याआधी तिथल्या शिकार प्राधिकरणाचा चालू वर्षाचा नियम वाचावा. सांबर नर अडीचशे-तीनशे किलोचा होतो, कातडं जाड, हाडं दणकट, तेव्हा नियमामागे अर्थ आहे.

म्हणून भाच्याला सांगितलं: ७एमएम-०८ घे, १४० ग्रेनची, म्हणजे नऊ ग्रॅमची, भक्कम बांधणीची गोळी घे, आणि रायफल दुर्बिणीसकट सव्वातीन किलोच्या आसपास ठेव. धक्का बावीस ज्यूल बसतो, ठोकताळ्याच्या किंचित वर, पण सरावाने अंगवळणी पडेल असा. अडीच किलोच्या हट्टाला पेटलास तर तेच काडतूस २८ ज्यूल देईल. सांबर झाडीत बहुतेक शंभर मीटरच्या आतच दिसतं, त्यामुळे पल्ल्याची चिंता नको.

त्याला शंका होती की सात मिलिमीटरची गोळी एवढ्या जनावराला पुरेल का. १८९२ सालचं जर्मनीच्या माउझर कंपनीचं ७×५७ हे काडतूस ७एमएम-०८ च्या जवळपास जुळं म्हणावं इतकं सारखं आहे. इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने तेच .२७५ या नावाने विकलं. जिम कॉर्बेट कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात पायी भटकताना ही हलकी रायफल वापरायचे, आणि १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यांनी .२७५ नेच टिपला. बिबट्या सांबराहून कितीतरी हलका, हे मान्य. पण रायफल उचलून डोंगर चढायचा आणि शेवटी एकच गोळी नेमकी जागी बसवायची, ही गरज दोघांची एकच.

अर्धा किलो वाचवण्याचा अट्टहास करणाऱ्यांच्या पाठीवर मी हमखास दोन किलोचा फालतू ऐवज पाहतो: तीन चाकू, दोन विजेऱ्या, घडीची खुर्ची. तो आधी काढा, फुकटात होतं. आणि सांबर पडलंच तर परतीच्या वाटेवर चाळीस-पन्नास किलो मांस दोनतीन खेपांत वाहून आणायचं असतं, तिथे रायफलीचे दोनशे ग्रॅम कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

दुकानात रायफल हातात घेतलीत की डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. दुर्बिणीचं पूर्ण गोल चित्र मान न हलवता दिसलं पाहिजे. आपली सरासरी उंची तिकडच्यांपेक्षा कमी, त्यामुळे त्यांच्या मापाचा दस्ता बऱ्याचदा आपल्याला लांब पडतो आणि धक्का खांद्याऐवजी दंडावर बसतो. दस्ता सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर कापून घेणं हे किरकोळ काम आहे, लाजू नका. मागचं रबर जाड आणि मऊ आहे ना, तेही बघा.

घरी आणल्यावर एकाच कंपनीच्या एकाच वजनाच्या काडतुसांची तीनचार खोकी एकदम घ्या, शक्यतो एकाच लॉटची. हलकी नळी गोळीच्या जातीबाबत लहरी असते. एका गोळीवर जुळवलेला नेम दुसरीवर दोनतीन इंच सरकतो. नेम जुळवायला बाकावर बसून सुरुवात करा, पण निम्मी काडतुसं तरी बसून, गुडघ्यावर आणि पिशवीच्या टेकणावर उडवा. चालताना नळीत काडतूस नको. जनावर पूर्ण ओळखल्यावर आणि त्याच्या पाठीमागे मातीचा उतार आहे हे पाहिल्यावरच बोल्ट पुढे सारायचा. झुडूप हललं म्हणून बार काढणाऱ्यांनी आजवर स्वतःचे सोबतीच मारलेत, इथेही आणि तिकडेही.